दूरनियंत्रित शस्त्रस्थानक

लष्करी वाहनाच्या छतावर बसवलेली, पण आत चिलखताआड बसून पडदा आणि जॉयस्टिकच्या साहाय्याने चालवली जाणारी शस्त्रयंत्रणा. ‘रिमोट वेपन स्टेशन’ या नावाने ती अधिक परिचित आहे. तिच्यावर सहसा ७.६२ किंवा १२.७ मिमी मशीनगन अथवा ४० मिमी ग्रेनेड लाँचर असतो. जोडीला दिवसाचा कॅमेरा, उष्णताचित्रण कॅमेरा आणि लेझर अंतरमापक. वाहन हिंदकळले तरी जायरोस्कोपमुळे नळी लक्ष्यावरून ढळत नाही.

यंत्रणेमागची गरज साधी आहे : छतावरच्या झरोक्यातून अर्धे अंग बाहेर काढून मशीनगन चालवणारा सैनिक सर्वांत आधी टिपला जातो. इराक युद्धात अमेरिकी हमवी गाड्यांवर हे वारंवार घडले आणि नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीच्या ‘प्रोटेक्टर’सारख्या यंत्रणांचा प्रसार झाला. कल्पना मात्र जुनी. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ‘हेट्झर’ या रणगाडाविरोधी वाहनावर आतून झाडता येणारी मशीनगन होती. गोळ्या संपल्या की ती भरायला झाकण उघडून बाहेर यावे लागे.

ही उणीव पुढेही अनेक यंत्रणांत राहिली. म्हणूनच सुधारणेचा विचार बंदुकीच्या आकारापेक्षा आतल्या माणसापासून सुरू व्हायला हवा. आतूनच गोळ्यांचा पट्टा भरता येणे आणि अडकलेली गोळी आतूनच काढता येणे ही त्यातली सर्वांत मोलाची सुधारणा. दुसरा प्रश्न नजरेचा. झरोक्यातल्या सैनिकाला आजूबाजूचे सारे दिसते, आवाजाची दिशा कळते. पडद्यावर दृश्याचा अरुंद तुकडाच येतो. त्यावर उपाय म्हणून चहूबाजूंचे कॅमेरे आणि गोळीबाराची दिशा सांगणारे ध्वनिसंवेदक जोडले जातात. उंच स्थानक दुरून दिसते, वाहनाचा गुरुत्वमध्यही वर नेते. त्यामुळे बुटक्या रचना पुढे आल्या. अलीकडे ड्रोन पाडण्यासाठी छोटे रडार आणि हवेतच फुटणाऱ्या ३० मिमी गोळ्यांची भर पडली आहे. संगणक लक्ष्याचा माग ठेवू शकतो. गोळी झाडण्याचा निर्णय माणसाकडेच राहिला पाहिजे, हा आग्रह येथे अनाठायी नाही.

गोव्याचा या तंत्राशी संबंध समुद्रावरून येतो. वास्को येथील गोवा शिपयार्डने (स्थापना १९५७) तटरक्षक दलासाठी बांधलेल्या ‘अदम्य’ या वेगवान गस्तीनौकेवर ३० मिमी तोफेसोबत १२.७ मिमीच्या दोन स्थिरीकृत दूरनियंत्रित बंदुका आहेत. ही नौका २०२५ मध्ये दलाकडे सुपूर्द झाली. अशा बंदुका तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीत इस्रायलच्या एल्बिट कंपनीकडून मिळालेल्या तंत्रज्ञानाच्या आधारे बनू लागल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नौदल व तटरक्षक दलासाठी अशा ४६३ बंदुकांचा १,७५२.१३ कोटी रुपयांचा करार केला.

नौका आणि वाहन यांच्या गरजा मात्र वेगळ्या. लाटेवरचे डोलणे संथ आणि मोठे असते, खडबडीत रस्त्यावरचे हिसके लहान आणि झटपट. स्थिरीकरण त्या-त्या हालचालीला जुळवावे लागते. नौकेवर खाऱ्या वाऱ्याने भिंगावर मिठाचा थर बसतो आणि उघडे धातूचे भाग गंजतात; वाहनावर चिखल आणि धूळ हेच काम करतात, म्हणून भिंग आतूनच धुण्याची सोय दोन्हीकडे उपयोगी ठरते. पण गस्तीनौकेवरचा खलाशी डेकवर उभा राहून पट्टा बदलू शकतो. गोळीबारात सापडलेल्या वाहनाच्या छतावर चढण्याची मुभा सैनिकाला नसते.