पडद्यावरचा कुत्रा आणि ‘प्रदर्शन’ या शब्दाचा गुंता

त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या बाजूला चित्रपटांचे व मालिकांचे चित्रीकरण होत असते, आणि कथेत वाडा किंवा मळा आला की कुत्राही ओघाने येतो. त्या कुत्र्याकडून कथेतले काम करून घ्यायचे असेल, तर निर्मात्याला आज आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. या अटीमागे जो वाद होता, त्याची सुरुवात चित्रपटापासून झालेली नसून सर्कशीपासून झालेली आहे.

धर्मराजाची स्वर्गाच्या दारापर्यंत सोबत करणारा कुत्रा, दत्ताच्या पायाशी बसलेले कुत्रे आणि खंडोबाचा कुत्रा यांच्याविषयी वाचकांना नव्याने सांगायला नको. पडद्यावरच्या कुत्र्याची गोष्ट १९०५ च्या एका इंग्रजी लघुपटापासून सुरू करता येते. त्यात पळवलेल्या बाळाचा शोध घरचा कुत्रा लावतो. या चित्रपटाच्या प्रतींना इतकी मागणी आली की मूळ निगेटिव्ह झिजली आणि तोच चित्रपट पुन्हा दोनदा चित्रित करावा लागला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील रणभूमीवर सापडलेले जर्मन शेफर्ड जातीचे एक पिल्लू पुढे अमेरिकी मूकपटांचे मोठे आकर्षण ठरले, तर १९४३ च्या प्रसिद्ध अमेरिकी चित्रपटातील कोली जातीच्या कुत्रीचे काम प्रत्यक्षात एका नर कुत्र्याने केले होते.

हिंदी चित्रपटातील दोन कुत्री आजही सर्वांना आठवतात. १९८५ च्या ‘तेरी मेहरबानियाँ’मधील मोती धन्याच्या खुनाचा सूड घेतो, आणि १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन..!’मधील टफी नायिकेची चिठ्ठी नायकाऐवजी त्याच्या थोरल्या भावाकडे नेऊन ठरलेले लग्न थांबवतो. या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात जे घडले, ते प्रेक्षकांच्या कानावर फारसे आलेच नाही.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा आहे. सरकारने अधिसूचनेत नमूद केलेल्या प्राण्यांना खेळासाठी शिकवण्यास आणि त्यांचे प्रदर्शन करण्यास त्याच्या बाविसाव्या कलमाने मनाई होते. २ मार्च १९९१ रोजी या कलमाखाली जी यादी निघाली, तिच्यात अस्वल, माकड, वाघ आणि बिबट्या यांच्याबरोबर कुत्राही होता. सर्कसवाल्यांनी तिला न्यायालयात आव्हान दिले आणि त्याच वर्षी शुद्धिपत्रक काढून कुत्र्याला यादीतून वगळण्यात आले. १९९८ मध्ये यादी नव्याने निघाली तेव्हा तिच्यात सिंहाची भर पडली, पण कुत्रा परत आला नाही. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सुधारित अधिसूचना कायम केली.

कुत्र्याला वगळण्याचे समर्थन करता येते. अस्वलाला पिंजऱ्यात ठेवून मारझोडीने शिकवावे लागते. कुत्रा माणसाच्या घरातच वाढतो आणि पुष्कळ गोष्टी आपणहून शिकतो. मात्र बंदी राहिली असती तर पोलिसांचे काम अडले असते, हे म्हणणे टिकत नाही. पोलीस आणि लष्करासाठीच्या प्रशिक्षणाला कायद्यातच सूट आहे, त्यामुळे नाशिकच्या पोलीस श्वानपथकाला त्या यादीची बाधा झाली नसती. प्रश्न फक्त करमणुकीचा होता. यादीतून नाव काढताना करमणुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या कुत्र्यांसाठी वेगळी, कडक व्यवस्था त्याच वेळी व्हायला हवी होती. तसे झाले नाही. नोंदणीचे १९७३ चे नियम होते, परंतु चित्रपटाचा स्वतंत्र विचार करणारे नियम यायला २००१ साल उजाडले.

गुंता शब्दाचाही होता. १९६० च्या कायद्याने ‘प्रदर्शन’ म्हणजे तिकीट विकून लोकांना प्रवेश दिलेल्या करमणुकीत प्राणी दाखवणे, असा अर्थ केला. सर्कशीच्या तंबूला हा अर्थ नेमका बसतो. चित्रपटगृहात मात्र तिकीट काढलेल्या प्रेक्षकासमोर कुत्रा नसतो, त्याची प्रतिमा असते, आणि घरी दूरचित्रवाणी पाहणारा तर तिकीटही काढत नाही. मराठीत ही अडचण अधिक जाणवते, कारण आपण चित्रपटही ‘प्रदर्शित’ करतो आणि प्राण्याचेही ‘प्रदर्शन’ मांडतो. कुत्र्याला जो त्रास व्हायचा तो चित्रीकरणाच्या दिवशी होतो, आणि चित्रपट लोकांपुढे येतो काही महिन्यांनी. २००१ च्या नियमांनी व्याख्येत चित्रपटाचा स्पष्ट उल्लेख केला आणि प्राणी कामाला लावण्याआधीच त्याचे वय, प्रकृती, कामाचे स्वरूप व शिकवण्याची पद्धत कळवण्याचे बंधन घातले. प्राण्याला गुंगीचे औषध देऊन काम करून घेण्यास या नियमांनी मनाई केली. चित्रपटाच्या आरंभी प्राण्यांना इजा न झाल्याचे निवेदन आपण वाचतो, त्याच्यामागे ही कागदपत्रे असतात.

ही सारी काळजी पडद्यावरच्या एका कुत्र्यापुरती आहे. टफीसारख्या पांढऱ्या, केसाळ कुत्र्यांना घरोघरी मागणी आली आणि त्यांना सरसकट ‘पॉमेरियन’ म्हटले जाऊ लागले. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक भारतीय स्पिट्झ जातीची असतात. ती आपल्या हवामानाला सरावलेली असल्याने त्यांचे तुलनेने निभावले. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे चालणारा पग दिसला, आणि आजही अनेक जण या जातीला त्या कंपनीच्या नावानेच ओळखतात. पगचे नाक चपटे असल्याने धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकणे त्याला कठीण जाते, आणि नाशिकची हवा थंड असल्याचा लौकिक असला तरी एप्रिल-मे महिन्यांत येथेही पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवसांत भर दुपारी पगला फिरायला नेणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

व्यापारी प्रजननासाठी परदेशी कुत्री आणण्यावर २०१६ मध्ये निर्बंध आले आणि कुत्र्यांची पैदास व विक्री करणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक करणारे नियम २०१७ मध्ये झाले, म्हणजे त्या जाहिरातीनंतर चौदा वर्षांनी. चित्रीकरणाच्या परवानगीच्या अर्जात कुत्र्याचे वय विचारले जाते, त्याची प्रकृती विचारली जाते. त्याची जात येथील उन्हाळा सोसणारी आहे की नाही, हेही तेथेच विचारले जायला हवे.