लाल गोळी गोड लागते

गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्यांवर साखरेचा लेप असतो. रोज एक, असं 180 दिवस; बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. म्हणजे साठा घरात असतो तेव्हा पुष्कळदा थोरलं पोर दीड-दोन वर्षांचं, दिसेल ते तोंडात घालायच्या वयाचं असतं. कडू लागली की थुंकेल, हा भरवसा इथे खोटा.

एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह. मूल 10 किलोचं धरा. किलोमागे 20 मिलिग्रॅम झालं, म्हणजे तीन-चार गोळ्यांतच, उलट्या-जुलाब लागू शकतात. 10 गोळ्या गेल्या तर किलोमागे 60 होतात आणि गोष्ट जिवावर येते. लोह आधी पोटाचं अस्तर जाळतं. उलटीत रक्तही दिसतं. मग काही तासांनी मूल निवांत होतं, खेळूही लागतं. ‘उतरलं’ म्हणून घरी न्यायची घाई होते ती नेमकी तेव्हाच, आणि लोह आतून यकृताला लागलेलं असतं. डॉक्टर सोडत नाहीत तोवर हलू नये.

पट्टी उशाखाली, कोनाड्यात, खुंटीवरच्या पिशवीत नको. खाटेवर चढलं की पोराचा हात पोचतोच. कुलपाची पत्र्याची पेटी बरी. गोळी मुलादेखत घेऊ नये आणि तिला ‘गोड गोळी’ तर म्हणूच नये.

फवारणीच्या विषालाही आपण ‘औषध’च म्हणतो! कपाशीवरून उरलेलं औषध किंवा रॉकेल पाण्याच्या बाटलीत ओतलं, की जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात तहानलेलं मूल ती बाटली तोंडाला लावणारच. बांधावरच्या मोगली एरंडाच्या बियाही शेंगदाण्यासारख्या लागतात. थोड्याशा खाल्ल्या तरी उलट्या सुरू होतात.

काहीही गिळलं असेल तरी मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. मिठाचीच बाधा होते. रॉकेल ओकताना फुप्फुसात उतरतं, खरा धोका तोच. दूध-तूपही नको. तोंडात उरलेलं बोटाने काढा, 108 ला फोन लावा. बाटली, बिया, पट्टी, जे असेल ते सोबत घ्या. रिकामी पट्टीसुद्धा: किती घरं फुटलीत ते मोजून आणि मुलाचं वजन घेऊनच डॉक्टर हिशेब मांडतात.