निकेल की कडी? नाणी शोधणाऱ्या मशीनमागची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या एखाद्या जुन्या बागेत नवा मेटल डिटेक्टर घेऊन उतरलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा हीच असते: पडद्यावर पाच सेंटच्या ‘निकेल’ नाण्याचा आकडा येतो आणि खणल्यावर हाती लागते पेयाच्या कॅनची ॲल्युमिनियमची कडी. मशीन बदलले तरी फरक पडत नाही, कारण दोष मशीनचा नाहीच. दोन्ही वस्तूंचा विद्युत प्रतिसाद खरोखरच जवळपास सारखा आहे. त्या एकाच मातीत कशा पडल्या आणि त्यांतून निवड करायचे काम मशीनच्या गळ्यात कधी पडले, हे 1960 ते 1980 या काळात शोधावे लागते.

त्याआधीचे बहुतेकांना ठाऊक असते. 1881 मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या शरीरात अडकलेली गोळी विजेच्या साधनाने शोधायचा प्रयत्न झाला आणि फसला. 1937 मध्ये हातात धरून वापरायच्या शोधकाला तिथे पेटंट मिळाले. 1942 मध्ये इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईत ब्रिटिश फौजांनी पोलिश अधिकाऱ्याने रचलेले सुरुंगशोधक वापरले. युद्धानंतर शिल्लक राहिलेले असले लष्करी शोधक हौशी लोकांच्या हाती आले. पण सुरुंगासाठी घडवलेले साधन बोटाच्या पेराएवढ्या नाण्यासाठी फारसे कामाचे नव्हते.

छंदाला खरा जोर आला तो नाण्यांतली चांदी गेल्यावर. 1964 पर्यंतच्या डाइम (दहा सेंट) आणि क्वार्टर (पंचवीस सेंट) या नाण्यांत 90 टक्के चांदी होती. 1965 च्या कायद्याने ती काढून टाकली. आत तांबे, बाहेर तांबे-निकेलचा पातळ थर. अर्ध्या डॉलरमध्ये 40 टक्के चांदी 1970 पर्यंत टिकली. लोकांनी जुनी नाणी गल्ल्यातून वेचून घरात ठेवली आणि काही वर्षांत चांदी चलनातून दिसेनाशी झाली. कुणाच्याही मालकीची नाही अशी चांदी आता फक्त मातीत होती: शाळेच्या मैदानात, चर्चच्या आवारात, पोहायच्या तळ्याकाठी.

नेमक्या त्याच सुमारास कॅनवर ओढून काढायची कडी आली. कडी ओढायची, पेय प्यायचे, कडी गवतात टाकायची. उघड्या पायांना कापले जाऊ लागले तशी ओरड झाली. ओरेगन राज्याने 1971 च्या कायद्यात सुट्या कडीच्या कॅनवर बंदी घातली आणि 1970 च्या दशकाच्या मध्यापासून कॅनलाच चिकटून राहणारी कडी रुळली. पण तोवर जमिनीत जे जायचे ते गेले होते. चांदी शोधायला निघालेल्यांच्या वाट्याला आली ती ही जमीन.

सुरुवातीच्या मशीनला हा फरक कळतच नव्हता. धातू आला की आवाज बदलायचा. खिळा असो की क्वार्टर. 1970 च्या दशकात डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूचा आवाज गाळायची सोय, आली आणि तिथून वादाला तोंड फुटले. मशीनच्या टोकाच्या कॉइलने, म्हणजे तारेच्या वेटोळ्याने, सोडलेल्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत छोटे प्रवाह फिरतात आणि त्यांचा परतीचा सिग्नल किंचित उशिरा येतो. तो उशीर धातूवर, तसाच आकारावर आणि जाडीवर ठरतो. या मोजपट्टीच्या एका टोकाला लोखंड, दुसऱ्या टोकाला जाड चांदी. मधे फॉइल, निकेल, कड्या, मग सेंट, डाइम, क्वार्टर. बटण फिरवायचे, की त्या खुणेखालचे सगळे गप्प.

अडचण उघड आहे. कडी गप्प करायची तर निकेलही गप्प होते, आणि बहुतेक सोन्याच्या अंगठ्या त्याच पट्ट्यात असल्याने त्याही जातात. जाहिराती म्हणत होत्या, कचरा गाळा, नाणी घ्या. जुने शोधणारे म्हणत होते, सगळे खणा. तिसरे म्हणणे असे, की फक्त लोखंड गाळा आणि बाकीचे कानाने ओळखा. पहिल्या बाजूचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. गुडघे दुखत असतील, हाताशी तासभरच असेल आणि शोध फक्त चांदीचा असेल, तर वरचे आकडे तेवढे खणण्यात गैर काही नाही. शिवाय बागेत जितके खड्डे कमी तितकी पालिकेची ओरड कमी. पण नवशिक्याला मशीन कारखान्याच्या सेटिंगवर देणे ही या छंदातली सर्वांत महागडी सोय ठरली, असे माझे मत आहे. गाळलेला सिग्नल ऐकूच येत नसल्याने आपण काय सोडतो आहोत ते त्याला कधी कळतच नाही. आणि गाळलेल्या लोखंडाशेजारचे नाणेही बरेचदा त्याच शांततेत बुडते. खिळ्याला चिकटून पडलेला चांदीचा डाइम असाच राहून जातो.

1980 च्या दशकात आकडे दाखवणारे पडदे आले, पट्टीतला मधलाच तुकडा कापायची सोय आली. वाद मिटला नाही, जास्त बारीक झाला. शिकणाऱ्याला उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे: सिग्नलवरून कॉइल एकदा आडवी फिरवायची, मग काटकोनात वळून पुन्हा. गोल निकेल दोन्हीकडून बहुधा तोच आकडा धरून ठेवते. वाकलेल्या, जीभ निघालेल्या कडीचा आकडा उड्या मारतो. खात्री नाही, कल मात्र मिळतो.

एवढ्यात 1982 उजाडले. त्या वर्षी एक सेंटचे नाणे 95 टक्के तांब्याचे होते ते तांब्याचा मुलामा दिलेल्या जस्ताचे झाले, वजन 3.11 ग्रॅमवरून 2.5 ग्रॅम. मुलामा फुटला की जस्त मातीत सडते, कडा कुरतडल्यासारख्या होतात आणि आकडा खाली सरकत कड्यांच्या दिशेने जातो. वैतागून तो पट्टा गाळावा, तर 1864 ते 1909 या काळातले ब्राँझचे ‘इंडियन हेड’ सेंटही साधारण तिथेच वाजतात.

1990 च्या दशकापासून एकाहून अधिक फ्रिक्वेन्सींची मशीन मिळू लागली आणि गेल्या काही वर्षांत ती सामान्य खिशात आली. समुद्राच्या ओल्या वाळूत त्यांचा फायदा मोठा आहे. निकेल आणि कडीचा प्रश्न त्यांनीही सोडवलेला नाही.

कायद्याच्या बाजूने 1979 महत्त्वाचे. त्या वर्षीच्या अमेरिकी कायद्याने संघराज्याच्या आणि मूळनिवासींच्या जमिनीवरच्या, 100 वर्षांहून जुन्या पुरावशेषांना संरक्षण दिले. राष्ट्रीय उद्यानांत तर मशीन नुसते जवळ बाळगण्यालाही मनाई आहे. गाडीत सुटे करून बांधून ठेवलेले चालते.

भारतात मशीन मागवणाऱ्यांनी 1878 चा निखात निधी कायदा आधी पाहावा. मातीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवली तर वर्षभरापर्यंतची कैद होऊ शकते. दुसरी गोष्ट, अमेरिकी आकडे इथे लावू नयेत. 1940 च्या आधीच्या 11.66 ग्रॅमच्या चांदीच्या रुपयाचा सिग्नल खणखणीत येईल. पण 1990 च्या दशकापासूनचा स्टेनलेस स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो, त्यामुळे लोखंड गाळणाऱ्या सेटिंगवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

नोव्हेंबर 2025 मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचा शेवटचा सेंट पडला. नवे जस्त आता जमिनीत फारसे जाणार नाही. 1982 पासूनचे जे आत आहे, ते सडता सडता आणखी बरीच वर्षे कड्यांचा आकडा दाखवत राहील.