विचाराची धास्ती

कांदा चिरता चिरता शेजारी रांगणाऱ्या बाळाकडे लक्ष जातं आणि मनात येतं, ही सुरी मीच याला मारली तर? अंगावर काटा उभा राहतो. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण उगाच पडलेली नाही. असे विचार निरोगी माणसांनाही सर्रास येतात, हे रॅकमन आणि डिसिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच दाखवलं. २०१४ मध्ये १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मागच्या तीन महिन्यांत असा एक तरी नकोसा विचार आला होता, असं त्यांतल्या जवळजवळ ९४ टक्के मुलांनी सांगितलं.

तरीही मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, थोड्यांनाच होतो. या आजारात नकोसे विचार पिच्छा सोडत नाहीत आणि ते शमवायला माणूस धुणं, तपासणं अशा त्याच त्या कृती करत राहतो. असं का, हे समजायला त्या विचाराबद्दल माणूस काय मानतो ते बघावं लागतं. 'काय वाट्टेल ते येतं मनात' म्हणून एक जण कांदा चिरत राहतो. दुसऱ्याला वाटतं, हे मनात आलं म्हणजे मी तसाच असणार, किंवा मनात आलं ते घडणार. 'वाईट बोलू नकोस, वास्तू तथास्तु म्हणते' हे ऐकतच आपण मोठे होतो. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण विचारांना आधीच घाबरणाऱ्या मुलाच्या मनात हे वाक्य किती खोल रुतत असेल, याची मला खरोखर काळजी वाटते.

ही समजूत बाहेरून पेरली तर काय होतं, हे नेदरलँड्समध्ये १९९९ मध्ये करून पाहिलं गेलं. काही जणांना यंत्राला जोडून सांगितलं, की तुमच्या मनात 'सफरचंद' आलं की यंत्राला कळेल आणि पलीकडच्या माणसाला विजेचा झटका बसेल. बटण दाबून तो टाळता येईल. प्रत्यक्षात झटका वगैरे काही नव्हता. तरी ज्यांना हे सांगितलं नव्हतं त्यांच्यापेक्षा या लोकांच्या मनात सफरचंद जास्त वेळा आलं आणि त्यांना त्रासही जास्त झाला.

दुसरा समज आपल्या आठवणीबद्दलचा. गॅस बंद केला ना? कुलूप लागलं ना? वारंवार तपासणाऱ्यांची स्मरणशक्ती कच्ची असते, असं सहज वाटतं. फान डेन हाउट आणि किंड्ट या डच संशोधकांनी २००३ मध्ये निरोगी विद्यार्थ्यांना संगणकावरच्या गॅसच्या शेगड्या पुन्हा पुन्हा तपासायला लावल्या, तर दुसऱ्या गटाला दिवे. शेवटी दोन्ही गटांना एकदा शेगडी तपासायला लावून तिच्याबद्दल विचारलं. शेवटच्या खेपेला कोणते बर्नर तपासले, हे शेगडीवाल्यांनी दुसऱ्यांइतकंच बरोबर सांगितलं. पण त्यांची आठवण पुसट झाली होती आणि तिच्यावरचा विश्वास ढासळला होता. तीच कृती सारखी केली की ती हातवळणाची होते आणि तिचे बारकावे मनात ठसत नाहीत. म्हणजे खात्री करायला माणूस तपासतो आणि तपासण्यानेच खात्री जाते. या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रयोग हाच.

काळजीचंही असंच आहे. मँचेस्टर विद्यापीठातले एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये काळजीबद्दलच्या दोन तऱ्हांच्या समजुती मांडल्या. 'काळजी केली की संकटाची तयारी होते' ही पहिली. घरोघरी ती मायेची खूणही समजली जाते. दुसरी अधिक जाचक: 'काळजी माझ्या हाताबाहेर आहे, तिने मला वेड लागेल.' इथून काळजीचीच काळजी सुरू होते. वेल्स आणि कार्टराइट-हॅटन यांच्या ३० विधानांच्या प्रश्नावलीने अशा समजुती मोजल्या जातात. अतिकाळजीशी सर्वांत घट्ट नातं या दुसऱ्या समजुतीचं आढळतं. अर्थात, प्रश्नावलीतून नातं दिसतं, कारण सिद्ध होत नाही. म्हणून वरच्या प्रयोगांचं मोल जास्त.

दिवसाचे तास धुण्यात, तपासण्यात जात असतील तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. औषधं आहेत, आणि भीतीला सामोरं जाऊन ठरावीक कृती टाळायला शिकवणारी उपचारपद्धतीही आहे. वेल्स यांच्या पद्धतीत काळजीग्रस्ताला आणखी एक गोष्ट सांगतात: काळजी आली की तिला नाही म्हणू नका, दाबू नका, फक्त संध्याकाळची पंधरा मिनिटं तिला नेमून द्या. ती वेळ वापरलीच पाहिजे असं नाही. अनेकांना संध्याकाळपर्यंत काळजी आठवतही नाही, आणि जी हाताबाहेर वाटत होती ती पुढे ढकलता आली, हा पुरावा त्यांच्याच हाती येतो.