उंच झेल आणि ३८ वर्षांचे पाय

डिसेंबर २०२४ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने अँड्र्यू मॅककचनशी पुन्हा एका वर्षाचा, ५० लाख डॉलरचा करार केला. तेव्हा त्याचं वय ३८. २०१२ साली सेंटर फील्डवर, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध, उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवणारा हा आउटफिल्डर (मागचा क्षेत्ररक्षक) तोवर बहुतेक सामन्यांत ग्लव्ह घालतच नव्हता, नुसती फलंदाजी करायचा. वय झालेल्या क्षेत्ररक्षकाबद्दल ‘नजर गेली’ असं सर्रास बोललं जातं. उंच झेलापुरतं तरी ते पटत नाही.

चेंडू कुठे पडणार याचा हिशेब क्षेत्ररक्षकाला करावाच लागत नाही. सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९६८ साली त्याचं कारण मांडलं. चेंडू सरळ तुमच्याकडे येतोय आणि हवेचा विरोध नाही असं धरा. कोणत्याही क्षणी चेंडूची उंची = ½ × गुरुत्वत्वरण × गेलेला वेळ × उरलेला वेळ. तुमच्यापासूनचं आडवं अंतर = आडवा वेग × उरलेला वेळ. उंचीला अंतराने भागलं की नजरेच्या कोनाचा टॅन्जंट मिळतो, आणि भागताना ‘उरलेला वेळ’ चक्क उडून जातो! राहतो फक्त गेलेला वेळ, एका स्थिरांकाने गुणलेला. म्हणजे तुम्ही योग्य जागी उभे असाल, तर टॅन्जंट एकसारख्या गतीने वाढतो. वाढ वेग घेऊ लागली तर चेंडू डोक्यावरून जाणार, मागे पळा. मंदावली तर पुढे या. प्रत्यक्षात हवा चेंडूला अडवतेच, पण पळता पळता दुरुस्ती चालू असते. क्रिकेटमधला उंच झेलही असाच.

वय खातं ते पायांना. स्नायूंतले जलद आकुंचन पावणारे तंतू आधी बारीक होतात. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत पळण्याचा सरासरी कमाल वेग सेकंदाला २७ फूट आहे. तो २६ वर आला आणि चेंडू हवेत ४ सेकंद राहिला, त्यातला अर्धा सेकंद अंदाज घेण्यात गेला, तर ३.५ फूट कमी पडतात. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने घटतं, म्हणून राखलेलं मैदान सुमारे ७ टक्क्यांनी आक्रसतं. मॅककचनच्या डाव्या पायाचा टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध सप्टेंबर २०२३ मध्ये अंशतः फाटला होता, ते वेगळंच. अंगात जोर येतो म्हणून टायटॅनियमचे गळपट्टे घालणारे बरेच खेळाडू होऊन गेले. त्याने कुणाचे स्नायुतंतू जाड झाले नाहीत.

२०२२ पासून नॅशनल लीगमध्येही (मेजर लीगचा हा अर्धा भाग, पायरेट्स यातच खेळतात) पिचरऐवजी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याऐवजी, फक्त फलंदाजी करणारा खेळाडू कायमचा आला. तो नियम नसता तर मॅककचनला रोज खेळवण्यासाठी बहुधा आउटफिल्डमध्येच उभं करावं लागलं असतं.