श्रीलंकेचे दिवे माकडाने घालवले नाहीत

9 फेब्रुवारी 2025, रविवार. सकाळी साडेअकराच्या सुमारास कोलंबोच्या दक्षिणेला पानदुरा इथल्या सबस्टेशनमध्ये माकड शिरलं, ट्रान्सफॉर्मरपाशी फॉल्ट झाला आणि सगळ्या श्रीलंकेची वीज गेली. आपल्याकडे ही बातमी ‘माकडाने देश बंद पाडला’ अशा मथळ्यांनी फिरली. पण सबस्टेशनात माकडं, खारी, साप शिरतच असतात. बडोद्यात उत्तरायणाच्या दिवसांत तारांवर मांजा अडकून फीडर, म्हणजे गल्ल्यांना वीज पुरवणाऱ्या लाइनी, ट्रिप होतात. लाइनमन येतो, मांजा काढतो, गल्लीत लाइट येते. बाकीच्या गुजरातला त्याचा पत्ताही लागत नाही. मग तिथे एका फॉल्टने अख्खा देश का गेला?

उत्तर 50 हर्ट्झ या आकड्यात आहे. गच्चीवर सोलर असेल तर इन्व्हर्टरच्या पडद्यावर व्होल्ट आणि युनिटच्या शेजारी हा आकडा दिसतो: 49.97, 50.02, सतत किंचित हलणारा. गोत्रीच्या लोड डिस्पॅच सेंटरमध्ये गुजरातचे अभियंते चोवीस तास याच आकड्यावर नजर ठेवून असतात. या क्षणी बडोद्यात जो आकडा आहे तोच कोहिमात, काठमांडूत आणि थिंपूतही आहे, कारण नेपाळ आणि भूतान आपल्या ग्रिडशी, म्हणजे विजेच्या तारांच्या जाळ्याशी, थेट एसी (सतत दिशा बदलणाऱ्या विजेच्या) तारांनी जोडलेले आहेत. ढाक्यात आणि कोलंबोत मात्र तो वेगळा असतो.

हा आकडा म्हणजे जनरेटरच्या फिरण्याचा वेग. औष्णिक केंद्रातला दोन ध्रुवांचा जनरेटर मिनिटाला 3000 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 50. तारांमध्ये वीज साठत नाही, त्यामुळे जेवढी वापरली तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. कुठे एखादा 200 मेगावॉटचा संच अचानक बंद पडला तर त्या क्षणी ती तूट कोण भरतं? बॉयलर नाही, त्याला वेळ लागतो. तूट भरते ती फिरणाऱ्या लोखंडात साठलेली ऊर्जा. जुन्या ऑईल इंजिनाचं जाड चाक असतं ना, दोन धक्क्यांच्या मध्ये इंजिन फिरतं ठेवणारं, तेच काम इथे शे-दोनशे टनांचा रोटर करतो. ऊर्जा देताना तो मंदावतो आणि हर्ट्झ खाली येतात. या गुणाला जडत्व म्हणतात.

ते मोजायची रीत सोपी आहे. वाफ पूर्ण थांबली तर नुसत्या फिरण्याच्या जोरावर संच पूर्ण क्षमतेची वीज किती सेकंद देईल, एवढंच पाहायचं. मोठ्या औष्णिक संचासाठी हे उत्तर साधारण 4 सेकंद येतं. 500 मेगावॉटच्या संचात म्हणजे 2000 मेगाज्यूल, आपल्या मीटरच्या भाषेत साडेपाचशे युनिट. दोन-तीन घरांची महिन्याची वीज, पण लागते त्याच क्षणी हजर.

आता हिशेब करू. आकडे समजण्यापुरते गोल घेतले आहेत. एका बेटाची मागणी 2000 मेगावॉट आहे आणि सगळी वीज फिरत्या यंत्रांतून येते. साठलेली ऊर्जा 8000 मेगाज्यूल. 200 मेगावॉट गेले. हर्ट्झ घसरण्याचा वेग काढायला तुटीला 50 ने गुणायचं आणि साठलेल्या ऊर्जेच्या दुपटीने भागायचं: 200 गुणिले 50, भागिले 16000, म्हणजे सेकंदाला 0.625 हर्ट्झ. 50 वरून 49 वर यायला 1.6 सेकंद. तेच बेट, पण रविवारची लख्ख सकाळ आणि निम्मी वीज सोलरची. पॅनेलमध्ये काहीच फिरत नाही, म्हणून साठा उरला 4000 मेगाज्यूल. घसरण सेकंदाला 1.25 हर्ट्झ, आणि 49 ला पोचायला 0.8 सेकंद. टर्बाइनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर वाफेचा व्हॉल्व्ह उघडेपर्यंत खेळ संपलेला असतो. भारतात 1,50,000 मेगावॉटची यंत्रं फिरत असतील, तर तेवढ्याच तुटीला घसरण सेकंदाला 0.008 हर्ट्झ इतकीच येते. गव्हर्नरला भरपूर सवड मिळते.

पुढे गोष्ट आणखी बिघडते. हर्ट्झ ठरलेल्या पातळीखाली गेले की रिले नावाची संरक्षण उपकरणं काही फीडर आपोआप तोडतात, मागणी कमी करून बाकीचं ग्रिड वाचवण्यासाठी. पण ज्या फीडरवर घरोघरी सोलर आहे तो दुपारी वीज देत असतो. तो तोडला की वापराबरोबर निर्मितीही जाते, कधी तूट वाढतेच. गच्चीवरचा साधा इन्व्हर्टर ग्रिडमधल्या विजेच्या लहरीच्या मागोमाग चालतो, ती नसेल तर स्वतःला तोडून घेतो. म्हणूनच सोलर असूनही लाइट गेल्यावर घर अंधारात राहतं. हा कंपनीचा डाव नाही. खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसू नये, यासाठी तो नियम आहे. मात्र हर्ट्झ जरा हलताच हजारो इन्व्हर्टर एकाच वेळी सुटले तर पडणाऱ्या ग्रिडला आणखी धक्का बसतो.

श्रीलंकेच्या वीज मंडळानेही नंतर कमी जडत्वाकडेच बोट दाखवलं: सुट्टीचा दिवस, कमी मागणी, सोलरचा मोठा वाटा. एप्रिल 2025 मधल्या नववर्षाच्या सुट्टीत तर त्यांनी घरमालकांना दुपारी 3 पर्यंत गच्चीवरचं सोलर बंद ठेवायची विनंती केली.

आपल्याकडे उलट्या दिशेची परीक्षा 5 एप्रिल 2020 ला झाली. रात्री 9 वाजता 9 मिनिटं दिवे बंद. 9 या अंकावरून आणि ग्रहांवरून तेव्हा किती संदेश फिरले! ग्रहांचा त्यात काडीचा संबंध नव्हता. मागणी 12 ते 14 हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज होता, ती घटली सुमारे 31 हजारांनी. हर्ट्झ तरी 49.7 ते 50.26 च्या आतच राहिले, कारण जलविद्युत संच आधीच पूर्ण चालवून ठेवले होते आणि ते झपाट्याने उतरवता, चढवता आले. श्रेय द्यायचं तर कंट्रोल रूममधल्या माणसांना द्या.

म्हणून दक्षिण आशियात कुणाचे किती मेगावॉट झाले या यादीवरून फारसं कळत नाही. कोण कुणाशी कसं जोडलंय ते पाहावं. भूतानची चुखा (336 मेगावॉट), ताला (1020) आणि मांगदेछू (720) ही केंद्रं पावसाळ्यात आपल्याला वीज विकतात. हिवाळ्यात नद्या आटल्या की भूतानच आपल्याकडून घेतो. नेपाळचंही तसंच, मुझफ्फरपूर-ढल्केबर तारेवर वीज ऋतूप्रमाणे दिशा बदलते. पाकिस्तानने 2024 मध्ये चीनमधून सुमारे 17,000 मेगावॉटची पॅनेल आणली, पण त्याचं ग्रिड आपल्याशी जोडलेलं नाही. मालदीवमध्ये जवळजवळ प्रत्येक बेटाचं स्वतःचं डिझेल जनरेटर.

बांगलादेशची जोडणी वेगळ्या जातीची आहे. बांगलादेशातल्या भेडामारा इथे आपली एसी वीज कन्व्हर्टरमधून डीसी (एकाच दिशेने वाहणारी) होते आणि त्याच आवारात पुन्हा एसी होऊन पलीकडे जाते. 2013 मध्ये 500 मेगावॉट, 2018 मध्ये आणखी 500. यासाठी लागतात तसे कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मर बडोद्याच्या कारखान्यांतही बनतात. 15 नोव्हेंबर 2024 ला नेपाळची 40 मेगावॉट वीज भारतातून बांगलादेशात पोचली ती याच वाटेने. ‘नेपाळची वीज’ वेगळी ओळखू येत नाही. नेपाळने ग्रिडमध्ये 40 घातले, भेडामाऱ्याने 40 काढले, बाकी सगळा हिशेब कागदावर.

अशा डीसी जोडणीतून मेगावॉट जातात, जडत्व आपोआप जात नाही. मदुराईहून अनुराधापुरापर्यंत एचव्हीडीसी (उच्च दाबाची डीसी) लाइन टाकायचा प्रस्ताव बरीच वर्षं चर्चेत आहे. लाइन आली की श्रीलंकेचा प्रश्न सुटला, असं अनेकांना वाटतं. पण थायरिस्टर नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कन्व्हर्टरला स्वतःलाच पलीकडे भक्कम ग्रिड लागतं. तिकडचं व्होल्टेज डळमळलं की तो आधी अडखळतो. ट्रान्झिस्टरवर चालणारा नवा कन्व्हर्टर स्वतः लहर तयार करू शकतो आणि सेकंदाच्या छोट्या भागात पलीकडची वीज ओतू शकतो. असेच लहर तयार करणारे इन्व्हर्टर लावलेल्या बॅटऱ्या, किंवा टर्बाइनविना नुसते फिरत राहणारे सिंक्रोनस कंडेन्सर, बेटावर आजही बसवता येतात. मदुराईच्या लाइनच्या करारात मेगावॉटच्या आधी कन्व्हर्टर कोणत्या जातीचा आणि हर्ट्झ घसरल्यावर तो किती मिलिसेकंदांत काय करणार, हे लिहून घ्यायला हवं.