‘बघणारा’ फिजिक्समध्ये आला कुठून?

सोलापुरात कुठंही क्वांटमवर, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांच्या फिजिक्सवर गप्पा निघाल्या, कॉलेजच्या लेक्चरनंतर म्हणा की संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी, की एक वाक्य हमखास येतंच, ‘आपण बघतो म्हणून वस्तू असते, हे सायन्सनं सिद्ध केलंय’. लगेच त्याला द्रष्टा, साक्षी हे शब्द जोडले जातात. अद्वैताबद्दल मला मनापासून आदर आहे, पण असं काही सिद्ध झालेलं नाही, म्हणून हे वाक्य आलं कुठून ते नीट बघू.

घोळ ‘निरीक्षण’ या शब्दाचा आहे. १९२७ ला ब्रुसेल्सच्या परिषदेत मोठा वाद झाला तेव्हा बोलणं मोजमापाचं होतं, म्हणजे उपकरणाचं. दोन फटींतून इलेक्ट्रॉन सोडले की मागच्या पडद्यावर पट्टे उमटतात, पण इलेक्ट्रॉन कुठल्या फटीतून गेला हे डिटेक्टरनं पकडलं की ते पट्टे जातात, खोलीत माणूस असो नाहीतर नसो. मराठीत त्याचं निरीक्षण झालं, मग निरीक्षक आला आणि निरीक्षक म्हटलं की डोळे आले, मन आलं. नुसतं ‘मोजणी’ म्हटलं असतं तर बरंच सोपं गेलं असतं असं मला वाटतं.

पण दोष एकट्या भाषेचा नाही. १९३२ ला एका हंगेरियन गणितज्ञानं दाखवलं, की मोजणारा आणि मोजलं जाणारं यांच्यातली रेघ गणितात कुठंही मारता येते, उपकरणावर मारा, डोळ्यावर मारा, अगदी मेंदूपर्यंत न्या. रेघ कुठंही मारता येते याचा अर्थ ती मनातच आहे असा होत नाही, तरी १९३९ ला पॅरिसहून निघालेल्या एका पुस्तिकेत जाणीव उघडपणे आली आणि १९६१ ला एका नामवंत फिजिसिस्टनं तो मुद्दा पार टोकाला नेला. त्यानं पुढे स्वतःच ते मत सोडलं, हे मात्र प्रवचनात कुणी सांगत नाही. त्याच १९३२ च्या पुस्तकात, कणांमागे दडलेली माहिती असूच शकत नाही असंही एक प्रूफ होतं. १९३५ ला एका जर्मन विदुषीनं त्यातली चूक दाखवली, पण जवळपास तीस वर्षं तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, हे वाचून मला आजही वाईट वाटतं.

खरा प्रश्न हाच होता, मोजण्याआधी गुण कणात असतो का? आपल्या चादरीचंच घ्या. मागावर नक्षी दिसायच्या आधीच ती जॅकार्डच्या कार्डात भोकं पाडून ठरलेली असते. समजा प्रकाशकणांच्या जोडीत दोघांकडे सारखंच कार्ड आहे, आणि दोन्हीकडे तीन प्रश्नांपैकी, म्हणजे तीन ठरावीक मोजण्यांपैकी, कुठलाही एक विचारायचा, उत्तर फक्त हो किंवा नाही. प्रश्न एकच असला की उत्तरं कायम जुळतात, म्हणजे तिन्ही उत्तरं कार्डावर तयार हवीत. आता प्रश्न तीन आणि उत्तरं दोनच, म्हणजे कुठल्याही कार्डावर किमान दोन उत्तरं सारखी येणारच, म्हणून वेगवेगळे प्रश्न विचारले तरी सरासरी किमान एक तृतीयांश वेळा जुळायला पाहिजे. क्वांटमचं गणित सांगतं, फक्त एक चतुर्थांश!

अशी मर्यादा बेलफास्टच्या एका फिजिसिस्टनं १९६४ ला मांडली. प्रयोगात हिशोब जरा वेगळा करतात पण गाभा हाच. १९७२ ला कॅलिफोर्नियात, १९८२ ला पॅरिसजवळ, आणि २०१५ ला डेल्फ्टमध्ये १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रॉनवर मोजलं, दरवेळी कार्डवाला हिशोब चुकला. २०२२ चं नोबेल याच कामाच्या पायावर तिघांना मिळालं.

पण कार्ड हरलं म्हणून मन जिंकलं असं होत नाही. १९५२ च्या एका थिअरीत कणाला कायम पक्की जागा असते, बदल्यात इथल्या मोजणीचा परिणाम लांबवर तत्क्षणी होतो असं मानावं लागतं, आणि प्रयोगाचे आकडे तिच्यातूनही तेच निघतात. म्हणजे लांबवर तत्क्षणी परिणाम होत नाही ही अंतराची मर्यादा सोडायची की आधीपासून ठरलेले गुण सोडायचे यावर वाद अजून चालूच आहे. आणि डेल्फ्टच्या प्रयोगात २४५ नोंदी झाल्या तेव्हा प्रश्नही यंत्रांनीच निवडले होते आणि उत्तरंही यंत्रांनीच टिपली होती.